सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी: आईला त्याच दिवशी आणावं का?

पत्र : आईचं वय ५८. हायटस हर्निया आहे. बरीच वर्षं गोळ्या घेऊनही रात्री घशाशी आंबट येतं, खोकल्याने झोपमोड होते. सर्जननी दुर्बिणीतून हर्निया दुरुस्त करून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचं ऑपरेशन सुचवलं आहे. सकाळी आठला ऑपरेशन आणि सगळं ठीक असेल तर संध्याकाळी घरी. आईचा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, दुसरा आजार नाही. गाडीत बसली की मात्र हमखास उलटी होते. मामा म्हणतात, ‘पोटाचं ऑपरेशन आणि त्याच दिवशी घरी? खाट रिकामी करायची घाई दिसतेय त्यांना.’ आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. हॉस्पिटल गाडीने चाळीस मिनिटांवर. रात्री काही झालं तर घरात मी एकटीच. हो म्हणावं, की दोन दिवस ठेवूनच घ्या असा आग्रह धरावा?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: गाडीत हमखास उलटी. दुसरा मजला, चाळीस मिनिटांचं अंतर, रात्रीचं एकटेपण, या सगळ्यांवर तोडगा निघतो. पण या ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत उलटी, किंवा काही बाहेर न पडता येणारी नुसती कोरडी उबळसुद्धा, टाळायलाच हवी. आईला त्याच संध्याकाळी आणायचं की नाही, हे मुख्यतः त्यावर ठरेल.

आत काय करणार आहेत ते आधी पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. त्यातल्या एका भोकातून अन्ननलिका खाली येऊन जठराला मिळते. हे भोक सैल झालं की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, तोच हायटस हर्निया. सर्जन जठर खाली ओढून घेतात, अन्ननलिकेचा दोन-तीन सेंटिमीटर भाग पोटात राहील असं पाहतात आणि भोकाच्या कडा टाके घालून जवळ आणतात. मग जठराचा वरचा मोकळा भाग अन्ननलिकेमागून फिरवून पुढे शिवतात. हा वेढा कधी पूर्ण ३६० अंशांचा, कधी २७० अंशांचा असतो. टाके पडतात ते स्नायूत, आणि हा स्नायू प्रत्येक श्वासाला हलत असतो. साध्या श्वासाने त्यांना काही होत नाही. उबळ आली की मात्र पोटातला दाब एकदम चढतो, जठर वर ढकललं जातं, ताजे टाके स्नायू कापत सुटू शकतात आणि नवा वेढा छातीत सरकू शकतो. तसं झालं तर पुन्हा ऑपरेशन. पित्ताशय काढल्यावर उलटी झाली तर त्रास होतो, इथे केलेलं काम उसवू शकतं. शिवाय वेढा घट्ट असेल तर नीट उलटी होतच नाही, नुसत्या उबळी येत राहतात.

भुलेनंतर कुणाला मळमळेल याचा अंदाज भूलतज्ज्ञ चार प्रश्नांवरून बांधतात. रुग्ण स्त्री आहे का? धूम्रपान न करणारी आहे का? आधी कधी भुलेनंतर उलटी झाली आहे का, किंवा प्रवासात होते का? ऑपरेशननंतर अफूवर्गातली (मॉर्फिन, ट्रामाडॉल अशी) वेदनाशामकं लागणार आहेत का? एकही ‘हो’ नसेल तर शक्यता साधारण १० टक्के. पुढे प्रत्येक ‘हो’ला ती वाढते: २०, ४०, ६०, ८०. तुमची आई धूम्रपान करत नसेल तर तिचे तीन ‘हो’ आताच झाले. म्हणजे काहीच प्रतिबंधक दिलं नाही तर ६० टक्क्यांच्या आसपास, आणि अफूवर्गातलं औषध दिलं की त्याहून वर. (हो, धूम्रपान करणाऱ्यांना भुलेनंतर मळमळ कमी होते. त्यासाठी कुणी बिडी ओढायला लागू नये, फुफ्फुसांचे हाल त्याहून मोठे होतात.)

म्हणून भूलतज्ज्ञांच्या तपासणीला आईबरोबर जा आणि विचारायची वाट न पाहता सांगा, ‘हिला गाडी लागते.’ एवढ्या एका वाक्याने त्यांचा बेत बदलतो. मग ते एका औषधावर न थांबता वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी दोन-तीन औषधं देतात, बहुधा भूल देताना डेक्सामेथासोन आणि शेवटी ओन्डान्सेट्रॉन. वासाच्या भुलेऐवजी शिरेतून प्रोपोफॉल चालू ठेवतात. छेदांच्या जागी सुन्न करणारं औषध टोचून अफूवर्गातल्या औषधांची गरज कमी करतात. तुम्ही आणखी एक गोष्ट मागून घ्या: घरी न्यायला जिभेवर विरघळणारी ओन्डान्सेट्रॉनची गोळी. गिळायची गोळी त्या रात्री नको असते, आणि मळमळत असताना ती पोटात टिकतही नाही.

आता मामांचं म्हणणं. ते हसण्यावारी नेऊ नका. खाटा कमी पडतात आणि घाईने घरी पाठवणाऱ्या जागा असतात, हे खरंच आहे. पण रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवणं हा खाटा वाचवायला काल शोधलेला उपाय नाही. ग्लासगोचे सर्जन जेम्स निकोल यांनी १९०९ मध्येच त्याच दिवशी घरी सोडलेल्या मुलांच्या ८,९८८ ऑपरेशनांचा हिशोब मांडला होता. लवकर उठवणं, लवकर प्यायला देणं आणि वेदना एकाच औषधावर न सोपवणं, या गोष्टी डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात पद्धतशीरपणे एकत्र आणल्या. तुमच्या आईचं ऑपरेशन पूर्वी पोट उघडून व्हायचं. १९९१ पासून ते दुर्बिणीतून होऊ लागलं, आणि हातभर छेदाच्या जागी पाच ते बारा मिलिमीटरचे चार-पाच छेद आले. मामांच्या डोळ्यांसमोर बहुधा ते जुनं ऑपरेशन असावं.

मामांचा खरा प्रश्न असा आहे की हॉस्पिटलमधली ती एक रात्र नक्की काय पकडते? टाक्यांतून किंवा जठराला लागून असलेल्या प्लीहेजवळून रक्तस्राव होत असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच नाडी चढून आणि रक्तदाब उतरून कळतो. सहा तासांच्या नीट निरीक्षणात बरंचसं समजून येतं, थोडं निसटू शकतं. अन्ननलिकेला किंवा जठराला नकळत भोक पडलं असेल तर त्याची लक्षणं मात्र सावकाश येतात, बारा तासांनी, चोवीस तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ती रुग्ण खाटेवर असतानाच दिसतील याची खात्री एका रात्रीच्या मुक्कामानेही नसते. वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरची गळती तर कित्येकदा चार-पाच दिवसांनी उघडी पडते. तेव्हा आईची खाट कुठे आहे यापेक्षा तिच्यात झालेला बदल कोण ओळखणार आणि ओळखल्यावर ती किती वेळात सर्जनच्या हाती पोचणार, हे जास्त महत्त्वाचं. ही सोय पक्की असेल तर संध्याकाळी घरी आणणं योग्य. ती नसेल तर दोन दिवस ठेवूनही तिसऱ्या रात्री तुम्ही तिथेच असाल.

तर आमचं उत्तर: हो म्हणा, पण एक खाट त्या रात्रीसाठी हाताशी असेल हे आधी विचारून. ‘संध्याकाळी सोडलं नाही तर काय?’ याला ‘मग वॉर्डमध्ये घेऊ’ असं सरळ उत्तर मिळालं पाहिजे. रात्री तिथे डॉक्टरच नसतात, किंवा खाट नसते, असं कळलं तर त्या ठिकाणी हे ऑपरेशन त्याच दिवसाच्या बोलीवर करू नका. आणि ठेवून घ्यावं लागलं तर काही बिघडलं असं समजू नका. मळमळ थांबेना म्हणून रात्र काढणारे रुग्ण प्रत्येक केंद्रात असतात.

काही रुग्णांना हा मार्ग मुळात लागूच नाही. जठराचा मोठा भाग छातीत गेलेला, एकदा फसलेलं ऑपरेशन पुन्हा करायचं, रक्त पातळ करणारी औषधं चालू, हृदय किंवा फुफ्फुस कमजोर, किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार असून त्यावर उपचार नाहीत, अशांनी रात्र हॉस्पिटलमध्येच काढावी. आई जोरात घोरत असेल, घोरता घोरता श्वास थांबत असेल, तर ते आधी सांगा. तुमच्या पत्रावरून तरी ती योग्य उमेदवार दिसते. अन्ननलिका काढणं किंवा कर्करोगासाठी जठर काढणं ही पोटाच्या वरच्याच भागाची ऑपरेशनं, पण ती त्याच दिवसाच्या यादीत बसत नाहीत, तिथे मुक्काम दिवसांत मोजतात. मामांनी असा एखादा रुग्ण पाहिला असेल तर त्यांची भीती साहजिक आहे.

वेळेचा हिशोब असा. आठला आत गेली, तास-दोन तास ऑपरेशन, साडेदहाच्या सुमारास जागी. तिथून सहा तास म्हणजे साडेचार-पाच. त्यामुळे ‘पहिलं ऑपरेशन आईचंच’ याचा आग्रह धरा. काही कारणाने नंबर दुपारी बारानंतर गेला तर घासाघीस न करता मुक्काम मागा. संध्याकाळी सातला अर्धवट गुंगीत असलेल्या रुग्णाला गाडीत घालण्यात अर्थ नाही.

ऑपरेशनआधी सहा तास काही खायचं नाही. निव्वळ पाणी साधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालतं. हॉस्पिटलने वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. रक्तदाबाच्या गोळीचं नाव भूलतज्ज्ञांना दाखवा. काही गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, काही त्या दिवशी टाळायच्या असतात. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन कुणी घेत असेल तर तेही सांगायलाच हवं. त्याने जठर उशिरा रिकामं होतं आणि उपास करूनही पोटात अन्न उरतं. तुमच्या आईला हे लागू नसावं, पण हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल.

निघायच्या आधी

डिस्चार्जचा कागद हातात आला म्हणजे निघायची वेळ झाली असं नाही. वॉर्डमध्ये नाडी-रक्तदाब, चालणं, मळमळ, वेदना आणि रक्तस्राव या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात. दहापैकी नऊ किंवा जास्त झाले तर घरी. तुम्ही त्यात दोन गोष्टी स्वतः पाहा. आई एकदा लघवीला जाऊन आली पाहिजे. आणि घोट घोट करत शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी पिऊन अर्धा तास झाला पाहिजे, मळमळ नाही, छातीत दुखत नाही, पाणी परत वर येत नाही. निघताना तिला मळमळत असेल तर निघू नका. ‘गाडीत बरं वाटेल’ असं कुणी म्हणालं तरी. गाडी लागणाऱ्या बाईला गाडीत बरं वाटत नाही.

त्या वेळची नाडी, ताप, रक्तदाब आणि ऑक्सिजन वहीत लिहून घ्या. रात्री तुलना करायला हाच पाया. गोळ्या पाहताना रक्तदाबाची गोळी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अशा गटातली आहे का ते विचारा. या गोळ्या नाडीला लगाम घालतात, त्यामुळे आत बिघाड होत असला तरी नाडी फारशी चढत नाही. तसं असेल तर पुढे दिलेल्या नाडीच्या आकड्यांवर विसंबायचं नाही, वेदना, श्वास आणि एकंदर रंगरूप यांवर जास्त लक्ष द्यायचं.

कागदावर तीन गोष्टी हव्यात: ऑपरेशनचं नाव आणि वेढा पूर्ण की अर्धा, रात्री उचलला जाणारा फोन नंबर, आणि गरज पडली तर नेमकं कुठे यायचं. तो नंबर वॉर्डमध्ये उभ्या उभ्या लावून पाहा. स्वागतकक्षात वाजत राहणारा नंबर रात्री दोनला उपयोगाचा नाही. हा कागद आणखी एका कारणासाठी लागतो. घाईत दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं आणि तिथे पोट फुगलंय म्हणून नाकातून जठरात नळी घालायला निघाले, तर ‘इथे ताजे टाके आहेत, आधी सर्जनशी बोला’ असं सांगा. न पाहता सरकवलेली नळी नेमकी टाक्यांच्या जागी इजा करू शकते.

गाडी आणि जिना

मळमळीच्या औषधाचा पुढचा डोस कधी देता येईल ते विचारून घ्या आणि चालत असेल तर निघण्याआधी द्या. आईला पुढच्या सीटवर, पाठ किंचित मागे टेकवून बसवा. नजर समोर रस्त्यावर, फोनमध्ये नको. पट्टा लावायचाच, पोटाशी छोटी उशी धरली की तो छेदांवर घासत नाही. जिन्याची काळजी सोडा. पायऱ्यांनी टाके तुटत नाहीत. एक पायरी, श्वास, पुढची पायरी, मधल्या टप्प्यावर थांबायचं आणि कुणीतरी मागे राहायचं, तेही चक्कर येईल म्हणून. त्या रात्री पुन्हा खाली-वर नको, इतकंच.

आणि एकटीने रात्र काढू नका. पहिले चोवीस तास सोबत एक जाणती व्यक्ती लागतेच, ती तुम्ही आहात. पण गाडी कोण चालवणार? तुम्ही चालवायला बसलात तर आईकडे कोण पाहणार? मामांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना त्या रात्री गाडीसकट मुक्कामाला बोलवा. शंका घेणारा माणूस पहारा चांगला देतो.

पहिली रात्र

छेदांच्या जागी टोचलेलं सुन्न करणारं औषध सहा ते आठ तास टिकतं. म्हणजे ते उतरणार नेमकं तुम्ही घरी पोचता पोचता. बरेच जण हॉस्पिटलमधून हसत निघतात आणि रात्री आठला ‘काहीतरी बिघडलं’ म्हणून घाबरतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. उपाय सोपा आहे: दुखायची वाट पाहू नका, घड्याळ पाहा. पॅरासिटामॉलचा शेवटचा डोस कधी दिला ते परिचारिकेकडून लिहून घ्या. चारला दिला असेल तर पुढचा दहाला, मग पहाटे चारला गजर लावून, मग सकाळी दहाला. पन्नास किलोच्या वर वजन आणि यकृत ठीक असेल तर पॅरासिटामॉल एका वेळी १ ग्रॅम, चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल तर डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या. दुसरं वेदनाशामक किंवा सर्दीची गोळी दिली असेल तर तिच्यात आधीच पॅरासिटामॉल नाही ना, ते वेष्टनावर वाचा.

औषध पातळ मागा, आणि तिथे एक चूक हमखास होते. घरी असतं ते लहान मुलांचं सिरप. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर एक ग्रॅम म्हणजे २० मिलिलिटर. तेच १२० मिलिग्रॅमचं असेल तर ४० मिलिलिटरहून जास्त लागेल. बाटली न वाचता दोन चमचे दिले तर आई रात्रभर कण्हत राहते आणि सगळ्यांना वाटतं औषध लागू पडत नाही. पाण्यात फसफसणारी गोळी दिली असेल तर बुडबुडे पूर्ण बसेपर्यंत ढवळून मगच द्या. आता आईला सहजी ढेकर देता येणार नाही, आत गेलेला वायू आतच राहतो. बाकीच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी कुठल्या कुटून चालतील ते औषधविक्रेत्याला विचारा. सावकाश विरघळणाऱ्या आणि वेष्टन असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात, कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम आत जातो.

खांद्याचं दुखणं अनेकांना घाबरवतं. ऑपरेशनसाठी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवलेलं असतं. त्याचा उरलासुरला अंश पडद्याला डिवचतो, आणि पडद्याची नस मानेतून येत असल्यामुळे दुखणं खांद्यावर जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. उभं राहून चाललं, किंवा थोडा वेळ सपाट पडलं, तर त्याला आराम पडतो. मानेच्या बुडाशी त्वचेखाली कुरकुर लागली तर तोही बहुधा तोच वायू, दोन दिवसांत विरतो. पण ती कुरकुर आधी नव्हती आणि दुसऱ्या दिवशी ताप किंवा छातीतल्या दुखण्याबरोबर सुरू झाली, तर तिचा अर्थ वेगळा: अन्ननलिकेला भोक असण्याची शंका. तेव्हा फोनवर बोलत बसू नका, निघा.

डोकं आणि पाठ तीसेक अंश उंच ठेवून झोपवा. उठताना आधी कुशीवर, मग हाताने रेटून बसायचं. सरळ पोटावर ताण देऊन उठायचं नाही. रात्री झोपेपर्यंत दर तासाला घरातल्या घरात चार फेऱ्या. पोटऱ्यांत रक्त साकळू नये म्हणून हे औषधाइतकंच महत्त्वाचं.

दहा, दोन आणि सहा वाजता नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. ताप पॅरासिटामॉलच्या प्रत्येक डोसाआधी मोजायचा, नंतर तो दबलेला असतो. शांत पडून असताना नाडी शंभरच्या वर गेली तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी शंभरच्या वर असेल तर फोन. एकशेवीस असेल तर फोन करत करत गाडीत बसा. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर, ऑक्सिजन ९४ च्या खाली, धाप, औषध देऊनही वाढत जाणारं पोटाचं किंवा छातीचं दुखणं, उलटी, थांबत नसलेली उबळ, रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, उभं राहताच घेरी, एका पोटरीला सूज आणि दुखणं, आठ तास लघवी नाही: यातलं एकही दिसलं तर ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणू नका. आणि आकडे ठीक असूनही आई तुम्हाला ‘नेहमीसारखी वाटत नसेल’, गप्प, फिकट, घामेजलेली, तरीही फोन करा. या ऑपरेशननंतर प्रकृती दर तासाला थोडी थोडी सुधारत जायला हवी. ती उलट दिशेला जात असेल तर त्याचं कारण डॉक्टरांनी शोधायचं, तुम्ही नाही.

पिणं आणि खाणं

पहिल्या दिवशी फक्त पातळ आणि गाळलेलं. तीस मिलिलिटरचं मापाचं टोपण घ्या, जागी असताना दर पंधरा मिनिटांनी एक. ग्लासभर पाणी एकदम प्यायलं की ते नव्या वेढ्यापाशी तुंबतं, छातीत कळ येते, मग उबळ. फार गार पाण्यानेही अन्ननलिका आखडते, कोमट बरं. स्ट्रॉ नको, च्युइंगम नको, फसफसणारी पेयं नकोत, या सगळ्यांतून हवा आत जाते. दुसऱ्या दिवसापासून दिवसाला दीड लिटरचं लक्ष्य ठेवा. घरी गेलेल्या रुग्णांना परत यावं लागतं त्यात पाणी कमी पडणं हे एक मोठं कारण आहे: गिळायला अवघड म्हणून पीत नाहीत, मग चक्कर, मग मळमळ. लघवी गडद झाली की टोपणं वाढवा.

पुढे दूध, दही, सूप. मग मिक्सरमधून काढलेलं, चमच्याने सरकणारं. साधारण दोन आठवड्यांनी न चावताही कुस्करेल असं मऊ. तुमच्या सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असेल, ते पाळा. घाई सगळ्यात जास्त पावाने अंगाशी येते. ताजा मऊ पाव निरुपद्रवी वाटतो, पण ओला झाला की त्याचा चिकट गोळा बनतो आणि वेढ्यात अडकतो. मांसाचे तुकडे आणि कोरडा भातही तसाच. हे सगळं चार ते सहा आठवड्यांनी, लहान घास करून. दिवसाला तीन जेवणांऐवजी सहा छोटी, आणि खाऊन झाल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही.

अडकलंच तर वरून पाणी ओतून ढकलायचा प्रयत्न करू नका. त्याला जायला वाट नसते, ते वर साचतं आणि उबळ आणतं. खाणं थांबवा, उभं राहा, चाला, सहसा थोड्या वेळात सुटतं. थुंकीसुद्धा गिळता येईना, तोंडातून लाळ बाहेर टाकावी लागली, तर त्याच वेळी फोन.

पुढचे आठवडे

कुंथणं टाळा. बद्धकोष्ठ होणार असं धरूनच चाला, कारण खाणं कमी आणि वेदनाशामकं चालू. शौच मऊ करणारं औषध पहिल्या दिवसापासून लिहून घ्या, चौथ्या दिवशी सुचून उपयोग नाही. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, त्यात भरलेली बादली आणि नातवंडं दोन्ही आली. अंघोळ बहुधा दुसऱ्या दिवसापासून चालते, छेद चोळायचे नाहीत, टिपून कोरडे करायचे. चोवीस तास वाहन चालवणं आणि महत्त्वाच्या कागदांवर सही करणं दोन्ही बंद. त्यापुढे, दुखल्याशिवाय जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत वाहन नको. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बंद करायच्या की आणखी काही आठवडे घ्यायच्या ते सर्जनकडून लेखी घ्या. बरं वाटलं म्हणून स्वतःहून एकदम थांबवल्या तर काही दिवस आम्ल उसळी मारतं आणि ऑपरेशन फसलं असं वाटू लागतं.

पोट फुगणं आणि वारा सरणं वाढेल. वरची वाट अडली, वायूला खालचीच उरली. याची आईला आधी कल्पना द्या, नाहीतर ती संकोचाने सांगणार नाही. घास उतरताना थांबल्यासारखं वाटणं सूजेमुळे असतं. ते सहा ते बारा आठवड्यांत कमी होत जातं. आठवड्यातून एकदा आईचं वजन करून वहीत त्याच पानावर लिहा. सुरुवातीला दोन-चार किलो उतरणं अपेक्षित आहे. पण सहा आठवड्यांनंतरही ते घसरतच असेल, किंवा काल उतरत होतं ते मऊ अन्न आज उतरत नसेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. वेढा घट्ट बसला असेल तर तो तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून फुग्याने सैल करता येतो.